जुन्या पेल्मेटवर कापड चढवायचंय, साधं गावाकडचं रूप हवंय

खिडकीवाली:
हॉलच्या खिडकीवर प्लायचं जुनं पेल्मेट (पडद्याचा दांडा झाकणारी पेटी) आहे, वरून चॉकलेटी सनमायका, तो एका कोपऱ्याला उचललाय आणि हात लागेल तिथे टवके उडतायत. सुतार म्हणतो नवा सनमायका मारून देतो, पण मला तो चकचकीतपणाच नकोय. कापड लावायचंय, एकदम साधं, झालर-चुण्या-सॅटिन काही नको. डोक्यात खण नाहीतर मांजरपाट आहे. लांबी ६ फूट, उंची ८ इंच, भिंतीपासून ६ इंच पुढे. कापड किती लागेल? आणि सनमायकावर फेविकॉल चालेल का?

रंधा:
पांढरा फेविकॉल नको ताई, सनमायकावर धरत नाही, वाळला की पापुद्रा सुटतो. समोरून गन टॅकरही (दाबून पिना मारायचं हत्यार) मारू नका, पिना वाकतात. पेल्मेट खाली उतरवा, उचललेला कोपरा एसआरने (सनमायका चिकटवायचा रबरी गोंद) बसवून घ्या नाहीतर तो उंचवटा कापडातून दिसत राहणार, मग कापड वरच्या-खालच्या कडेवरून आत वळवून आतल्या उघड्या प्लायवर ८ एमएमच्या पिना मारा. सुरुवात मधोमध, एक पिन वर एक खाली, मग दोन्हीकडे सरकत जायचं. एका टोकापासून निघालात की दुसऱ्या टोकाला तिरकी सुरकुती ठरलेली. आणि हो, उतरवल्यावर आधी आतून बघा, पिठासारखी पूड पडत असेल तर त्या प्लायवर कापडाचा खर्च करू नका.

अवलआत्या:
मांजरपाटच घे, पण कोरा तसाच लावू नकोस. रात्रभर भिजवून धू, खळ निघते आणि जेवढा आटायचा तेवढा आटतो, मग दमट असतानाच इस्त्री. चॉकलेटी रंग आरपार दिसून कापड मळकट वाटतं, म्हणून खाली अस्तर हवंच, जुनी पांढरी चादर पुरे. हिशोब असा, ६ फूट समोर, दोन्ही बाजूंचे ६-६ इंच, वळवायला टोकांना ३-३ इंच, म्हणजे साडेसात फूट. अडीच मीटर आण. कापड लांबीतच आडवं काप, मधे जोड येत नाही, आणि उंचीला वळणासकट १४ इंच लागतात त्यामुळे ३६ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) दोन पट्ट्या निघतात, बेडरूमचंही होऊन जाईल.

खण पूर्ण लावला तर देव्हाऱ्यासारखं दिसतं असं माझं मत, रागावू नका कोणी. खालच्या कडेला खणाचा दीड इंचाचा गोट (कडपट्टी) दे फक्त.

भाडेकरू_नं१:
पिना मारल्या की धुवायचं कसं?? रस्त्याकडची खिडकी असेल तर वर बोटभर धूळ बसते. त्यापेक्षा खोळ शिवा, वरच्या कडेला आतून वेल्क्रो, दिवाळीला काढली धुतली परत लावली.

रंधा:
खोळ सैल पडते हो, खालची कड लोंबते. पेल्मेटच्या ड्रेसवर सोफ्याचा ब्रश फिरवला की धूळ जाते.

अवलआत्या:
"ड्रेसवर" 😄 खोळीच्या खालच्या शिवणीत बारीक लाकडी पट्टी सरकवली की नाही लोंबत.

खिडकीवाली:
रस्ता समोरच आहे आणि खिडकी पश्चिमेची, त्यामुळे खोळच शिवते, पट्टीवाली, अस्तर मात्र पिनांनी कायमचं. गोटाला लाल खण बघितलाय, उन्हाने विटेल का? आणि कोपऱ्यात कापड गोळा होतं त्याचं काय करायचं?

अवलआत्या:
लाल आज ना उद्या विटणार, आणि धुताना मांजरपाटावर रंग सोडला तर सगळंच गुलाबी. आधी तुकडा पाण्यात घालून बघ, रंग सुटला तर गोट वेगळा ठेव आणि कच्च्या टाक्यांनी लाव, धुताना उसवता येतो. कोपऱ्याला गादीवर चादर खोचतो तशी तिरकी घडी घाल, जास्तीचं आतून कापून टाक. फक्त कात्री कडेपासून अर्धा इंच आधी थांबव.