अ‍ॅस्पिरिन कर्करोगाचा फैलाव रोखते ती नेमकी कशी?

प्रश्न
मार्च 2025 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात केंब्रिजच्या संशोधकांचा उंदरांवरचा अभ्यास आला. अ‍ॅस्पिरिन दिलेल्या उंदरांमध्ये कर्करोग इतर अवयवांत कमी पसरला. वेदना कमी होण्याशी याचा संबंध दिसत नाही, मग हे घडते कसे? आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलने तेच साधेल का? आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने यातून काय घ्यावे?

उत्तर 1
सगळा खेळ प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींचा आहे. मूळ गाठीपासून सुटलेल्या पेशी फुफ्फुसात किंवा यकृतात एकेकट्या उतरतात, त्या वेळी टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) त्यांना सहज मारू शकतात. पण प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन ए2 हे रसायन सोडतात, त्याने टी-पेशीतले एआरएचजीईएफ1 हे प्रथिन जागे होते आणि टी-पेशी थंड पडते. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधले थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागणारे कॉक्स-1 हे विकर (एन्झाइम) बंद पाडते, म्हणून थ्रॉम्बॉक्सेन तयारच होत नाही. टी-पेशींत हे प्रथिन नसलेल्या उंदरांवर अ‍ॅस्पिरिनचा हा परिणाम दिसला नाही, आणि मला या अभ्यासातला हाच सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

अ‍ॅस्पिरिन विकराला कायमची चिकटते. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे नवे विकर बनत नाही आणि ती प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे 7 ते 10 दिवसांपर्यंत, निकामी राहते. म्हणून रोज 75 ते 100 मिग्रॅ पुरते. आयब्युप्रोफेन काही तासांत सुटून जाते. शिवाय ते आधी घेतले तर विकरातली जागा अडवून बसते आणि अ‍ॅस्पिरिनला शिरकाव मिळत नाही. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत प्लेटलेटला फारसा हात लावत नाही.

उत्तर 2
यंत्रणा पटते, पण माणसांतले निकाल सरसकट चांगले नाहीत. 2025 च्या ‘अलास्का’ (ALASCCA) नावाच्या चाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर 160 मिग्रॅ रोज, 3 वर्षे दिली आणि आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मात्र हे रुग्ण निवडक होते: ज्यांच्या गाठीत पीआयके3सीए या जनुकात किंवा त्याच मार्गातल्या जनुकांत बदल होता तेच. असा बदल साधारण तिघांत एकाला सापडतो. उलट स्तनाच्या कर्करोगात 300 मिग्रॅ रोज देऊनही फायदा दिसला नाही आणि ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. अ‍ॅस्प्री चाचणीत तर बहुतांशी सत्तरीपुढच्या निरोगी लोकांना 100 मिग्रॅ दिल्यावर कर्करोगाने होणारे मृत्यू किंचित वाढलेले आढळले.

तेव्हा आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाने डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: “काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवर पीआयके3सीए तपासणी झाली आहे का?” ब्लॉक म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा; तो पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला असतो, त्यामुळे सहसा नवी बायोप्सी लागत नाही.

उत्तर 3
कृपा करून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका. केमोथेरपीत प्लेटलेट आधीच घटतात, त्यात उरलेल्याही निकामी झाल्या तर रक्तस्राव आवरत नाही. पोटात व्रण होऊन गेला असेल, वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध, स्टेरॉइड किंवा नैराश्यावरची एसएसआरआय गटातली गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. डांबरासारखे काळे, चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हृदयासाठी आधीपासून घेत असाल तर शस्त्रक्रियेपूर्वी ती परस्पर बंदही करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर. कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे शल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.

उत्तर 1 ची पुरवणी
दुखण्यासाठी साधे आयब्युप्रोफेन घ्यावेच लागले, तर ते आवरण नसलेल्या अ‍ॅस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने किंवा तिच्या आधी 8 तासांहून जास्त अंतर ठेवून घ्यावे. आंत्र-आवरणाच्या (पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या) गोळीला हे वेळापत्रक लागू पडत नाही, कारण ती उशिरा विरघळते.