रॅमचे तुकडे एका हीपमध्ये जोडायचे का वेगळे ठेवायचे?

अक्कलकोट_रोड: एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरवर लूमचे कंट्रोलर बनवणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, रॅम एकाच हीपमध्ये (प्रोग्राम चालताना मागेल तशी मेमरी द्यायचा साठा) जोडू नका. १९२ केबी म्हणतात पण ती सलग नाही, १२८ एकीकडं आणि ६४ केबीची सीसीएम (थेट सीपीयूला जोडलेली रॅम) दुसऱ्याच पत्त्यावर, आणि सीसीएमपर्यंत डीएमए (सीपीयूला मधे न घेता मेमरीत डेटा ने-आण करणारं हार्डवेअर) पोचतच नाही. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हीप_५ मध्ये, म्हणजे तुटक रॅम एका हीपमध्ये जोडणाऱ्या पर्यायात, तुकडे चढत्या पत्त्यानं द्यावे लागतात, सीसीएमचा पत्ता खालचा, आणि पहिली पुरेशी जागा दिसली की तीच मिळते, म्हणजे सुरुवातीचं सगळं नेमकं सीसीएममध्येच जाऊन बसतं. तिथं एडीसीचा (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाचा) बफर पडला की डीएमए एरर देऊन थांबतं.

बाळीवेस: मग डीएमएचे बफर स्टॅटिक, म्हणजे हीपबाहेर आधीच ठरलेल्या जागी, ठेवा ना राव, हीप_५ ला कशाला नावं ठेवता? ६४ केबी रिकामी ठेवणं परवडत नाही. आणि आपल्याकडं पोरं जरा शिकली की पुण्याला जातात, नवीन आलेल्याला मेमरीचे चार वेगळे साठे समजावत बसायचं का? मेमरी मागायचं एकच फंक्शन, मॅलॉक, असलेलं बरं.

अक्कलकोट_रोड: नवीन पोरगाच अडकतो त्यात. टास्कचा स्टॅकसुद्धा (फंक्शनचे लोकल व्हेरिएबल राहतात ती जागा) हीपमधूनच येतो. त्यानं फंक्शनमध्ये साधा लोकल अ‍ॅरे घेतला आणि एसडी कार्ड वाचायला तोच डीएमएला दिला, की संपलं, कारण स्टॅक सीसीएममध्ये आहे हे कोडमध्ये कुठंच दिसत नाही. सीसीएम रिकामी ठेवा असं मी म्हणतच नाही, लिंकर स्क्रिप्टमध्ये (काय कुठल्या पत्त्यावर ठेवायचं ते ठरवणारी फाइल) तिचं वेगळं सेक्शन करा आणि फक्त सीपीयू वापरतो ते टेबल, फिल्टरचे अ‍ॅरे तिथं टाका.

होटगी_रोड: लिनक्सच्या बोर्डांवर या की, तिथं एमएमयू (प्रोग्रामचे पत्ते खऱ्या पत्त्यांना जोडून देणारं हार्डवेअर) आहे, तुकडे कुठंही असोत प्रोग्रामला सलग दिसतात.

अक्कलकोट_रोड: प्रोग्रामला दिसतात, पण आयओएमएमयू (डीएमएसाठी तेच काम करणारा भाग) नसेल तर कॅमेऱ्याच्या डीएमएला फिजिकल, म्हणजे रॅमचा खरा पत्ताच लागतो. सलग जागा राखून ठेवणारं सीएमए २०१२ ला लिनक्स कर्नल ३.५ मध्ये त्यासाठीच आणलं. आणि आपल्या एसटीएम३२एफ४०७ मधल्या कॉर्टेक्स-एम४ सीपीयूवर एमएमयू नाहीच, एमपीयू फक्त परवानगी बघतं, पत्ता बदलून देत नाही.

बाळीवेस: ईएसपी-आयडीएफसारखं (ईएसपी३२ चिपसाठीची सॉफ्टवेअर चौकट) करा मग. त्यातल्या हीप_कॅप्स_मॅलॉक फंक्शनला डीएमएचा फ्लॅग (कसली मेमरी हवी त्याची खूण) दिला की डीएमएला चालणारीच जागा मिळते, फंक्शन एकच.

अक्कलकोट_रोड: हे मात्र पटलं, मागणाऱ्याला कसली मेमरी पाहिजे ते सांगावंच लागतं. पण फ्लॅग न देता मागितली तर तुमच्या मते कुठली द्यायची? मी म्हणतो डीएमएवालीच, सीसीएम फक्त नाव घेऊन मागणाऱ्याला.

बाळीवेस: नाही पटत. तशानं १२८ केबी आधी संपेल आणि सीसीएम पडून राहील.