सौर-पवन ऊर्जेमुळे देशाची अर्थव्यवस्था वाढते का?

केळीउत्पादक, रावेर: माझे मत स्पष्ट आहे : वाढते. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 80 टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. डिझेलवर चालणारा प्रत्येक पंप सौरऊर्जेवर आला, तर तेवढे परकीय चलन देशात राहील आणि ते उद्योगांच्या कामी येईल.

दीपनगर (भुसावळचे कोळशावरील वीज केंद्र) परिसर: अप्पा, तेलाचा मुद्दा पंपापुरता मान्य, परंतु आपल्याकडे तेलावर वीज जवळजवळ बनतच नाही, ती कोळशावर बनते आणि तो बहुतांशी देशातलाच असतो. 2025 मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत (उभारलेल्या प्रकल्पांच्या एकूण ताकदीत) सौर, पवन, जल, अणू अशा बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळसाच पुढे आहे, कारण दिवे लागणीच्या वेळी मागणी चढते आणि सौर पॅनेल थंडावलेले असते. शिवाय क्राफ्ट व क्राफ्ट या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या 1978 च्या अभ्यासात अमेरिकेपुरते असे दिसले की, आधी उत्पन्न वाढते आणि मागोमाग ऊर्जेचा वापर. आपण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करत आहात.

साक्रीची वाचक: दोघेही जमिनीबद्दल बोलत नाहीत. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आमच्याच तालुक्यात आहेत. वीज ग्रिडमध्ये जाते आणि उभारणी संपली की रोजगार मोजकाच उरतो. वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी विखरणच्या वृद्ध शेतकऱ्याने 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले, हे धुळे जिल्हा विसरलेला नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात हे नुकसान कुठे मांडले जाते?

केळीउत्पादक, रावेर: ताई, मोबदला आधी, प्रकल्प नंतर, याबाबत माझे दुमत नाही. परंतु दीपनगरच्या भाऊंनी शेतीची वीज लक्षात घ्यावी. थ्री-फेज पुरवठा रात्री आला की बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीत, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला केळीच्या बागेत जावे लागते. वीज उपकेंद्राजवळच्या छोट्या सौर प्रकल्पातून कृषी फीडरला (शेतीपंपांच्या स्वतंत्र वीजवाहिनीला) दिवसा वीज मिळाली, तर संध्याकाळच्या मागणीचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. शेतीच्या सवलतीचा काही भार आज जळगावच्या डाळ मिल आणि चटई कारखान्यांच्या वीजदरावर पडतो. स्वस्त सौर विजेने तो हलका झाला, तर माल स्वस्तात तयार होईल. वाढीचा माझा दावा या मार्गावर उभा आहे.

दीपनगर परिसर: हा युक्तिवाद तेलापेक्षा कितीतरी भक्कम आहे. मात्र तो कारखान्याच्या बिलात उतरलेला दिसेपर्यंत मी औष्णिक संच बंद करण्याच्या विरोधातच राहीन.