'सेनाखासखेल' मधला 'खेल' म्हणजे नक्की काय?

प्रश्न – सायली
आजोबांच्या एका जुन्या पुस्तकात पहिल्याच पानावर 'श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड, सेनाखासखेल, समशेरबहादूर' असं छापलंय. समशेरबहादूर समजलं. पण 'सेनाखासखेल'? खेळाशी काही संबंध आहे का?

उत्तर – निनाद
सैन्यातल्या कसरती, दांडपट्टा वगैरेंचा प्रमुख असावा, असा माझा अंदाज.

उत्तर – मोडीवाचक
निनाद, पूर्वी मलाही तसंच वाटायचं. पण हा 'खेल' आपला नाही, मूळ अरबी 'खैल': घोडे, घोडदळ. फारसीत त्याला 'टोळी, तुकडी' असाही अर्थ आला. खासखेल म्हणजे राजाची स्वतःची, खाशी तुकडी. तिचा सेनानायक तो सेनाखासखेल.

दोन्ही किताब एकदम मिळालेले नाहीत. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत निजाम जिंकला, पण खंडेराव दाभाड्यांच्या हाताखाली लढलेल्या दमाजी गायकवाडांचा पराक्रम शाहू महाराजांच्या कानावर गेला आणि त्यांना 'समशेरबहादूर' मिळाला. हरलेल्या बाजूच्या माणसाचा हा मान मला फार मोठा वाटतो. 'सेनाखासखेल' पुढचा. १ एप्रिल १७३१ ला डभोईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, सेनापतिपद लहानग्या यशवंतरावांकडे गेलं, आणि त्यांचे मुतालिक, म्हणजे मुखत्यार प्रतिनिधी, म्हणून कारभार पाहणाऱ्या पिलाजी गायकवाडांना हा किताब मिळाला.

सायली
म्हणजे पुढे तो घराण्यात आपोआप चालत आला?

मोडीवाचक
चालत आला, आपोआप नाही. प्रत्येक वारसाला वस्त्रं, म्हणजे मान्यतेचा मानाचा पोशाख, घ्यावी लागत, नजराणा भरावा लागे. १७६८ मध्ये पिलाजींचे पुत्र दमाजी (दुसरे) वारले तेव्हा त्यांच्या मुलांत भांडण लागलं. थोरल्या माधवराव पेशव्यांनी आधी गोविंदरावांना मान्यता दिली, १७७१ मध्ये ती फिरवून सयाजीरावांना दिली आणि फत्तेसिंगांना त्यांचे मुतालिक केलं. 'वंशपरंपरागत' हा शब्द वाचताना वस्त्रांची ही अट विसरू नये, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

सायली
आजोबांच्या डबीत बडोद्याचा तांब्याचा पैसा आहे. त्यावर तलवार आहे आणि शेजारी घोड्याचा खूर. तलवारीचा अर्थ लावता येत होता. तुमचं उत्तर वाचून पैसा परत बाहेर काढला, खुराकडे आज पहिल्यांदाच नीट पाहिलं.