मदत हवी आहे: मिस्तँगेतबद्दल काय वाचावं?

मंडळी, पॅरिसच्या म्युझिक हॉलची (गाणी-नाचांच्या करमणुकीच्या रंगमंचाची) राणी, गायिका-नर्तकी मिस्तँगेत हिच्यावर लेख लिहितेय. खरं नाव जान बूर्ज्वा, जन्म पॅरिसजवळच्या आँगँ-ले-बँ इथला. मुलाँ रूझ, फोली बेर्जेर, कासिनो द पारी, पॅरिसच्या या नामांकित म्युझिक हॉलमध्ये सगळीकडे तिचाच दबदबा! पायांचा म्हणे पाच लाख फ्रँकचा विमा. ते सगळीकडे सापडतं, पण मला हवीये तिची मेहनत: तालमी, जिने उतरताना डोक्यावर पेललेला पिसांचा अवजड साज, वय वाढल्यावरही सोडलेला नाही तो रंगमंच. पहिल्या महायुद्धात तिचा प्रियकर, गायक-नट मोरिस शव्हालिए जर्मनांच्या कैदेत होता, त्याच्या सुटकेसाठी तिने केलेली धडपड तर मला फार भिडते. यावर इंग्रजीत किंवा मराठीत भरवशाचं चरित्र, जुनी ध्वनिमुद्रणं कुठे मिळतील? फ्रेंच जाणणाऱ्यांनी नावांचे उच्चारही तपासून द्यावेत, प्लीज.