पणजोबांचा शोध कोणत्या दप्तरातून सुरू करावा?

प्रश्न
माझे पणजोबा पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील एका गावी शेती करीत असत आणि आजोबा लहान असतानाच ते वारले, एवढेच घरात ठाऊक आहे. त्यांच्या मृत्यूचे वर्ष आणि जमीन कशी गेली हे कागदोपत्री शोधायचे आहे. आजच्या सातबाऱ्यावर आमच्या घराण्यातील एकही नाव नाही, आणि पणजीचे नाव तर कोणालाच आठवत नाही.

प्रतिसाद १
आजच्या सातबाऱ्यावरील फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक घेऊन एकेक पायरी मागे जावे. गटवारी, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करून नवे गट क्रमांक देणे, झाली असल्यास जुना सर्व्हे नंबर आधी मिळवावा, नाहीतर साखळी तेथेच तुटते. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या फेरफारांच्या नकला मिळतात. काही ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही आहेत. पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार सापडला, तर मृत्यूचा काळ आणि वारसांची नावे एकाच ठिकाणी मिळतात.
पणजीबद्दल मात्र सावध असावे. त्या काळी मुलगा असताना विधवेला जमिनीत वारसा मिळत नसे, त्यामुळे वारस म्हणून तिचे नाव बहुधा दिसणार नाही. परंतु मुलगा अल्पवयीन असेल, तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा पालनकर्ता, असे लिहून आईचे नाव दिलेले असू शकते. तेथे आईऐवजी चुलत्याचे नाव असेल, तर जमीन पुढे कोणाकडे गेली याचाही माग तेथूनच घ्यावा.

प्रतिसाद २
मृत्यूच्या नेमक्या तारखेसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ ही गावातील जन्म-मृत्यूंची नोंदवही, पाहावे. त्यात आडनाव पुष्कळदा नसते. ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक, एवढीच नोंद असते, म्हणून खापरपणजोबांचे नाव ठाऊक असल्याशिवाय शोध घेणे व्यर्थ आहे. जुनी पाने मोडीत असतील, तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. अंदाजाने वाचलेली मोडी भलत्याच घराण्यात नेऊन सोडते.

प्रतिसाद ३
आजोबा शाळेत गेले असल्यास शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचा, उताराही मागावा. जन्मतारीख १ जून असेल, तर ती गुरुजींनी सोयीने घातलेली असण्याचा संभव मोठा असतो. पालकाचे नाव व शाळा सोडल्याची तारीख मात्र अधिक भरवशाची असते. ती तारीख वारस फेरफाराशी ताडून पाहावी.