आकृती क्रमांकाच्या जागी '??' : मेकफाइल चुकली की लाटेक अपुरं?

प्रश्न
माझा प्रबंध लाटेकमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातून पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. त्यात पायथनने काढलेले १४ आलेख, बिबर या प्रोग्रॅमने केलेली संदर्भसूची आणि मेकइंडेक्सने केलेली शब्दसूची आहे. एखादं वाक्य बदललं तरी लाटेक, बिबर, मेकइंडेक्स, पुन्हा लाटेक, पुन्हा लाटेक, असं ओळीने चालवावं लागतं. परवा शेवटची फेरी राहिली आणि सरांकडे 'आकृती ??' असलेली प्रत गेली. त्यांनी काही न बोलता प्रत्येक प्रश्नचिन्हाला लाल गोल करून परत पाठवली. म्हणून मेकफाइल (काय कशापासून बनवायचं ते मेक या प्रोग्रॅमला सांगणारी फाइल) लिहिली, तर ती लाटेक एकदा चालवते आणि 'सगळं अद्ययावत' म्हणून मोकळी होते. हे सगळं लाटेकनेच सांभाळायला नको का?

प्रतिसाद १
मेकला दोष देऊ नका. ते १९७६ चं, बेल लॅब्जमधलं. फाइलच्या तारखा बघायच्या आणि इनपुट नवं असेल तर आउटपुट पुन्हा करायचं, एवढंच त्याला कळतं. इथे आकृत्यांचे आणि पानांचे क्रमांक साठवणारी ऑक्स फाइल या फेरीत लिहिली जाते आणि पुढच्या फेरीत वाचली जाते. हे वर्तुळ मेकच्या हिशेबात बसत नाही.

लागतील तितक्या फेऱ्या स्वतः मारणारं लाटेकएमके वापरा, लाटेकच्या टेक लाइव्ह संचात असतंच. ते ऑक्समधला मजकूर बदलला का ते बघतं, बदलला तर पुन्हा फेरी. बिबर कधी लागेल तेही त्याला कळतं. फेऱ्यांना मर्यादा आहे, कारण काही मजकूर कधीच स्थिरावत नाही. 'आकृती पुढच्या पानावर' छापलं की ओळ वाढून वाक्यच पुढच्या पानावर जातं. मग 'याच पानावर' छापलं जातं, ओळ आखडते, वाक्य मागे येतं. चालू द्या रात्रभर!

प्रतिसाद २
पण पान क्रमांक ठरवतो कोण? जुळणी करणारा प्रोग्रॅमच. मग त्या फेऱ्याही त्यानेच माराव्यात. लाटेकसारखीच जुळणी करणारं टिप्स्ट तेच करतं: ऑक्स फाइल नाही, मांडणी स्थिर होईपर्यंत आतल्या आत, जास्तीत जास्त पाच वेळा. आलेख मात्र बाहेरच राहू द्या. दस्तऐवज उघडला की पायथन आपोआप चालावं, हे मला तरी नको; दुसऱ्याची फाइल उघडताना तर नकोच.

प्रश्नकर्ता
वाटणी पटली. आलेख मेककडे, बाकी लाटेकएमकेकडे. तरी काही न बदलता दर वेळी फेरी होत होती. दोन तास गेले. मी मेकफाइलमध्ये आलेखांचं लक्ष्य फोनी (म्हणजे तारखा न बघता दर वेळी चालवायचं) ठेवलं होतं, त्यामुळे चौदाही आलेख रोज नव्याने निघायचे, आणि मॅटप्लॉटलिब ही पायथनची आलेख काढणारी लायब्ररी प्रत्येक पीडीएफमध्ये निर्मितीची वेळ लिहिते. चित्र तेच, फाइल वेगळी, म्हणून पुन्हा फेरी. फोनी काढलं. आता फेरी नाही, '??' पण नाही. सरांना नवी प्रत पाठवतोय.